मदत हवी आहे: डंपरची आग पावडरने विझली आणि पुन्हा भडकली. इंजिन आपोआप बंद होण्याचं सेटिंग कसं ठेवता?

नमस्कार मंडळी. वणी भागातल्या एका ओपनकास्ट कोळसा खाणीत कंत्राटदाराकडे डंपरच्या मेंटेनन्सला आहे. आमच्या सगळ्या 100 टनी डंपरवर एएफडीएसएस आहे, म्हणजे आग लागली की आपोआप पावडर मारणारी यंत्रणा. तरीही मागच्या महिन्यात एक डंपर जळाला.

रात्रपाळी होती, ओबी (कोळशावरचा माती-दगडाचा थर) भरून गाडी चढावर. टर्बोला (इंजिनात जादा हवा ढकलणारा भाग) इंजिन ऑइल पोचवणारी नळी फुटली. भरल्या गाडीचा टर्बो चढावर 500 अंशांच्या पुढे तापलेला असतो, तेल त्याच्या बऱ्याच आधी पेट घेतं. डिटेक्शन वायरने आग ओळखली, हूटर वाजला, पावडर सुटली, ज्वाळा बसल्या. ऑपरेटरने गाडी कडेला घेतली, पार्किंग ब्रेक लावला आणि शिडीने खाली उतरला. इंजिन मात्र चालूच होतं. ऑइल पंप तेल फेकत राहिला आणि आग पुन्हा भडकली. तोवर पावडरचा सिलिंडर रिकामा. पाण्याचा टँकर येईपर्यंत केबिन गेली. माणूस सुखरूप आहे, एवढंच समाधान.

नंतर नळी काढून पाहिली. क्लॅम्पच्या कडेने रबर खाल्लेलं आणि आतली तारेची जाळी घासून चकाकत होती. पॅनेल उघडलं तर इंजिन शटडाउनची वायर सोलेनॉइडपर्यंत (इंजिन बंद करणारा विजेवरचा भाग) नेलेलीच नाही, टोकाला टेप गुंडाळून ठेवलेली. बसवणाऱ्यांनी काम पूर्ण झाल्याची सही मात्र घेतली होती. बाकीच्या गाड्या तपासतोय, आणखी काहींची तीच गत आहे. फार राग येतो.

आता जोडणी करायची तर ऑपरेटर तयार नाहीत. "भरली गाडी चढावर असताना इंजिन गेलं तर स्टीअरिंग जड होईल, ब्रेक लागणार नाही, मागे घसरलो तर कोण जबाबदार?" ही भीती मला खरी वाटते, तिच्यावर नुसता आदेश काढून भागणार नाही. तुमच्याकडे आग कळल्यापासून इंजिन बंद होईपर्यंत किती वेळ ठेवता? आणि पावडरऐवजी लिक्विड एजंट घ्यावं का? साहेब लोक खर्चाचं कारण देणार, त्यांना पटेल असं मुद्देसूद हवंय.

प्रतिसाद १

मी पश्चिम ऑस्ट्रेलियात लोखंडाच्या खाणीत हेच काम करतो. इथे एएस 5062 हे फिरत्या यंत्रांच्या आगसुरक्षेचं ऑस्ट्रेलियन मानक पाळतात आणि त्यात इंजिन शटडाउन हा यंत्रणेचाच भाग धरतात. कारण फक्त तेलाचं नाही. इंजिन चालू म्हणजे रेडिएटरचा पंखा चालू, आणि तो पंखा तुमची पावडर कप्प्याबाहेर उडवून देतो. म्हणून क्रम असा हवा: आधी अलार्म, मग गाडी थांबवायला वेळ, मग इंजिन बंद, आणि त्यानंतर पावडर. तुमच्या पॅनेलमध्ये पावडर अलार्मबरोबरच सुटते असं दिसतंय, ते आधी बदला.

वेळ किती, हे दुसऱ्याच्या खाणीवरून ठरवू नका. तुमच्या सर्वांत तीव्र चढ-उतारावर भरली गाडी सुरक्षित थांबायला किती सेकंद लागतात ते मोजा आणि थोडी भर घाला. ऑपरेटरला तो वेळ लांबवायचं बटण द्या. हाताने सोडायचे स्विच दोन हवेत, एक केबिनमध्ये आणि एक जमिनीवरून हात पोचेल असा.

पावडर ज्वाळा चटकन मारते, पण लोखंड थंड करत नाही. लिक्विड थंड करतं, पण फवारलेल्या तेलाच्या आगीवर पावडरइतकं झटपट नाही. मोठ्या डंपरवर दोन्ही एकत्र असलेली यंत्रणा सर्वांत बरी. साहेबांना एका जळालेल्या डंपरची किंमत आणि तो उभा राहिल्याने बुडालेलं उत्पादन, एवढंच शेजारी शेजारी मांडून दाखवा.

प्रतिसाद २

दादा, चंद्रपूरच्या खाणींत हेवी अर्थ मूव्हिंगमध्ये आयुष्य गेलं, म्हणून ऑपरेटरच्या भीतीबद्दल लिहितो. इंजिन गेल्यावर स्टीअरिंग आणि ब्रेकला अ‍ॅक्युम्युलेटरचा (दाब साठवून ठेवणाऱ्या टाकीचा) दाब मिळायला हवा, आणि पार्किंग ब्रेक स्प्रिंगचा असल्याने दाब गेला की उलट लागतोच. पण अ‍ॅक्युम्युलेटरमधला नायट्रोजन उतरलेला असेल तर ऑपरेटर म्हणतात तसंच होईल! ते आधी तपासा. मग सपाट जागेवर, रिकामी गाडी, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून इंजिन बंद करा आणि ऑपरेटरला स्वतः स्टीअरिंग फिरवू द्या, ब्रेक दाबू द्या. हाताला कळलं की माणूस ऐकतो.

पावडरच्या सिलिंडरकडेही लक्ष द्या. हॉल रोडच्या (खाणीतल्या डंपरच्या रस्त्याच्या) हादऱ्यांनी पावडर तळाशी दाबून बसते. नोझलच्या टोप्या जागेवर नसतील तर कोळशाच्या धुळीने तोंडं बुजतात. आणि टायरपर्यंत आग गेली असेल तर कुणालाही जवळ जाऊ देऊ नका. टायर आतून तापत राहतो आणि आग विझल्यावरही फुटू शकतो. 300 मीटर लांब आणि 24 तास, एवढं अंतर आणि एवढा वेळ पाळा.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पंख्याचा मुद्दा इथे कुणीच बोललं नव्हतं, आणि आमच्या पॅनेलचा क्रम खरंच उलटा आहे. आधी सगळ्या गाड्यांच्या अ‍ॅक्युम्युलेटरचा दाब बघतो, मग ऑपरेटरांसमोर चाचणी, आणि त्यानंतरच शटडाउनची जोडणी. टर्बोजवळच्या नळ्यांना उष्णतारोधक स्लीव्ह घालायचंही सांगितलंय.

एक शेवटचं: वेळ लांबवायचं बटण ऑपरेटर दाबूनच ठेवेल अशी शंका सेफ्टी ऑफिसरांना आहे. ते एकदा दाबलं की ठरावीक सेकंदच मिळतात, की दर वेळी मोजणी पुन्हा सुरू होते? तुमच्याकडे कसं सेट केलंय?

प्रतिसाद १

आमच्याकडे दर दाबाला मोजणी पुन्हा सुरू होते, पण बटण सोडल्याशिवाय दुसरा दाब धरला जात नाही. नुसतं दाबून ठेवलं तरी वेळ संपतो आणि इंजिन बंद होतं. तुमच्या पॅनेलमध्ये तशी सोय आहे का, ते बसवणाऱ्याकडून लेखी घ्या आणि समोर करून दाखवायला लावा.