मदत हवी आहे: ऑपरेशनच्या पुढे जाणारी ॲनिमे प्रेमकथा सुचवा

माठातलं पाणी:

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो, पण या वेळी खरंच मदत हवी आहे. (खाली एका मालिकेचं सगळं कथानक फोडलेलं आहे. पाहायची असेल तर इथूनच मागे फिरा.)

माझी धाकटी बहीण सतरा वर्षांची आहे. तीन महिन्यांपूर्वी तिचा मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयातली एक झडप, बदलला. लहानपणी तिचा घसा सारखा धरायचा, मग एका पावसाळ्यात गुडघे सुजले. वाढीचं वय आहे म्हणून आम्ही तेल चोळत बसलो. तो घशाच्या संसर्गानंतर येणारा ऱ्हुमॅटिक फीवर होता आणि त्याने हृदयाची झडप खाल्ली, हे कळेपर्यंत ती आठवीत गेली होती. तेव्हापासून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, आणि त्या दिवशी लंगडत घरी. असो. आता ती छान आहे. फक्त जड उचलायचं नाही, खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, आणि दिवसभर घरी बसून करायचं काय, तर ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका आणि चित्रपट.

हे वेड माझ्यामुळेच लागलेलं. म्हणून मोठ्या तोऱ्यात मी तिच्यासाठी एक मालिका शोधून काढली: 'हानबुन नो त्सुकी गा नोबोरु सोरा', म्हणजे अर्धा चंद्र उगवणारं आकाश. २००६ ची, सहाच भागांची. जपानातलं इसे हे गाव, तिथलं हॉस्पिटल. युइची हा सतरा वर्षांचा मुलगा हिपॅटायटिस ए होऊन पडलेला, म्हणजे आपली कावीळ. तिथेच रिका नावाची मुलगी. तिला हृदयाच्या झडपेचा आजार, आणि तिचे वडीलही त्याच आजाराने गेलेले. मला वाटलं, अरे वा, झडपवाली नायिका! आमच्या घरचीच गोष्ट.

सुरुवात झकास आहे, हे आधी सांगतो. युइची रात्री हॉस्पिटलातून सटकतो आणि नर्सबाईंच्या तावडीत सापडतो. तादा नावाचे एक चावट आजोबा आहेत, ते मरताना आपला नको त्या मासिकांचा खजिना या पोराच्या नावे करतात. तो रिकाच्या हाती लागतो आणि मग जे भांडण! धाकटी हसताना उशी शोधत होती. हॉस्पिटलातला कंटाळा, चोरून केलेली मजा, शेजारच्या खाटेवरचे आजोबा, हे सगळं तिला ओळखीचं होतं. रिका हट्टी आहे, पुस्तकं आणायला पिटाळते, संत्री फेकून मारते. बिचारी-बिचारी छापाची पेशंट नाही. धाकटी म्हणाली, "दादा, ही बरीये."

आणि मग गाडी जी सुटली, ती सुटलीच. डोंगरावर जाणं, नात्सुमे नावाचा बायको गमावलेला डॉक्टर, त्याने पिऊन पोराला बडवणं, ऑपरेशन, इमारतीच्या बाहेरून लोंबकळत तिच्या खोलीपर्यंत पोचणं, प्रेमाची कबुली. सगळं कोंबलेलं. ऑपरेशन होतं, ती वाचते, पण पुढे किती वर्षं हे कुणी सांगू शकत नाही. आणि मालिका संपते.

शेवटची पाटी वर सरकत होती तेव्हा धाकटी म्हणाली, "एवढंच? हिला आयएनआर नाही का करावं लागत?"

मी हसलो, पण ती हसत नव्हती. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी रक्ततपासणी. तिला रोज ठरल्या वेळी रक्त पातळ करणारी गोळी घ्यावी लागते, आयएनआर अडीच ते साडेतीनच्या मध्ये ठेवायचा, पालेभाजी खायची तर दर आठवड्याला साधारण तेवढीच खायची. तिच्या छातीतला धातूचा व्हॉल्व्ह रात्री सामसूम झाली की ऐकू येतो. टिक, टिक. क्लासमध्ये पेपर सोडवताना शेजारची मुलगी बाकाखाली वाकून घड्याळ शोधत होती, असं ती सांगते. तिची गोष्ट ऑपरेशनपासून सुरू झाली आहे, आणि ही मालिका नेमकी तिथे आटोपते.

तर मदत अशी हवी: आजारी मुलगी किंवा मुलगा, प्रेम, आणि आजारपण घेऊन पुढे जगणं. असं काही आहे का? शेवटच्या भागात मरणारी नायिका नको. एवढी एकच अट.

कढीपत्ता:

'शिगात्सु वा किमी नो उसो' दाखवा! व्हायोलिन वाजवणारी काओरी, पियानो वाजवणारा कोसेई. बावीस भाग आहेत, घाई अजिबात नाही. मी तीनदा पाहिली, तिन्ही वेळा उशी भिजली.

माठातलं पाणी:

कढीपत्ताताई, तुमच्या उशीबद्दल आदर आहे, पण काओरी ऑपरेशन होऊन जाते ना? अट वाचली का? मी ती पाहिली आहे. संगीत सुरेख, पण बावीस भागांत त्या पोरीच्या आजाराला एकदाही नाव देत नाहीत. पाय लुळे पडतात, हातातली वस्तू सुटते, आणि डॉक्टर खिडकीबाहेर बघतात. आमच्या घरी फाइल चार इंच जाड आहे, तिला हे पटणार नाही.

कढीपत्ता:

अरे देवा, सॉरी. अट शेवटच्या ओळीत होती, मी काओरीपाशीच अडकले.

निवांत:

धागाकर्त्याचं म्हणणं थोडं अन्यायाचं वाटतं. सहा भागांत मूळ कादंबऱ्यांची माळ बसवायची म्हटल्यावर दुसरं काय होणार? बरं, ही प्रेमकथा आहे, आरोग्य खात्याची माहितीपट्टी नाही. आयएनआर दाखवला तर कोण बघेल?

हिरवा कंदील:

मी बघेन. पहिल्या वर्षाला मेसच्या पाण्याने मला हीच ए वाली कावीळ झाली होती. आजीने गावाहून माणूस बोलावला. त्याने चुन्याच्या पाण्यात माझे हात धुतले, पाणी पिवळं झालं, "बघा, उतरली" म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. मग महिनाभर उसाचा रस आणि बिनतेलाची भाजी. युइची एवढे दिवस हॉस्पिटलात लोळतो आणि आजारी दिसत मात्र नाही, तेव्हाच मला शंका आली होती. त्या कावीळीत अंगात इतकी मरगळ असते की डोंगर सोडा, मी जिना चढताना मधल्या पायरीवर बसायचो.

रात्रपाळी:

पेशाने डॉक्टर आहे म्हणून दोन गोष्टी. हिरवा कंदील, पाणी पिवळं होण्याचा तुमच्या कावीळीशी काही संबंध नाही. ए प्रकारची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, श्रेय त्या माणसाला मिळतं. ती दूषित अन्नपाण्यातून पसरते, आणि डोळे पिवळे व्हायच्या आधीच रोगी जास्त संसर्गजन्य असतो. तेव्हा युइची रिकाच्या खोलीत बसतो यात वैद्यकीय अडचण फारशी नाही, हात धुतले म्हणजे झालं.

माठातलं पाणी, तुमच्या बहिणीला धातूचा व्हॉल्व्ह बसवला तो वय पाहूनच असणार. प्राण्यांच्या ऊतींपासून केलेला व्हॉल्व्ह तरुण माणसात लवकर झिजतो, धातूचा टिकतो, पण गोळी जन्माची. ताप आला, दात काढायचा झाला, दुसऱ्या कुणी काही औषध लिहून दिलं, तर व्हॉल्व्हचं आधी सांगायचं, हे तिला पाठ असू द्या. आणि पेनिसिलिन ऑपरेशननंतरही थांबवायचं नसतं. बाकी तुमच्या डॉक्टरांना विचाराच.

माठातलं पाणी:

पाठ आहे. सलूनवाल्यालासुद्धा सांगते.

निवांत, तुमचा मुद्दा मान्य. आयएनआर दाखवाच असं म्हणणं नाही. पण प्रेमकथाच आहे म्हटल्यावर मला उलट वाटतं. डोंगरावर जाणं एका रात्रीचं असतं. रोज रात्री नऊ वाजता "गोळी घेतलीस का" विचारणं किती वर्षं चालणार, ते खरं अवघड. आमच्याकडे सध्या ते आई विचारते, आणि दोघींचं रोज वाजतं.

सदाशिव ते साके:

मी नागोयाला असते. इसेला इथून किंतेत्सुची आगगाडी दीड तासाच्या आत पोचवते. त्यामुळे मालिकेवरून बोलायचा हक्क सांगते. :)

एक, कादंबरीकार हाशिमोतो त्सुमुगु स्वतः इसेचेच. गाव आणि तिथल्या पोरांची "इथून कधी बाहेर पडणार" ही घुसमट कागदावर खरी उतरली आहे. मालिकेत त्यातलं जेमतेम उरलं.

दोन, आणि हे तुमच्या धाकटीसाठी: मूळ कादंबऱ्या २००३ ते २००६ मध्ये आल्या, एकूण आठ खंड. त्या ऑपरेशनपाशी थांबत नाहीत. रिका पुढे शाळेत जाऊ लागते, तीही युइचीच्याच. वर्षं बुडालेली, म्हणून वयाने मोठी असून खालच्या वर्गात. म्हणजे तुमच्या बहिणीला हवी असलेली गोष्ट लिहिली गेली होती, मालिकेने ती घेतली नाही. निवांत यांना सांगायचं तर, सहा भाग होते हे कारण झालं, पण कुठे थांबायचं ते कुणीतरी निवडलंच ना.

तीन, एक गंमत. रिका आणि युइची जे 'गिंगा तेत्सुदो नो योरु' वाचतात, ती मियाझावा केंजींची आकाशगंगेतल्या रेल्वेची गोष्ट आहे. केंजींची धाकटी बहीण तोशी १९२२ साली चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली, आणि दोन मित्रांपैकी एकच परत येणारी ही गोष्ट त्यानंतरची. स्वतः केंजीही १९३३ मध्ये सदतिसाव्या वर्षी गेले, गोष्ट छापून आली ती त्यांच्यानंतर. याच गोष्टीवर १९८५ मध्ये ग्रुप टॅक या स्टुडिओने चित्रपट केला होता, पात्रं मांजरांची. आणि तुमची ही अर्ध्या चंद्राची मालिकाही ग्रुप टॅकचीच. एवढा वारसा घरात असून त्यांनी ते वाचन असं उरकावं, याचा मला जास्त राग आहे.

आणि इसेचं मोठं देऊळ दर वीस वर्षांनी नव्या लाकडात पुन्हा बांधतात. मागचं २०१३ ला झालं. व्हॉल्व्ह बदलून घेतलेल्या मुलीला ते दाखवायला हवं.

माठातलं पाणी:

सदाशिवताई, तुमचा प्रतिसाद तिला मोठ्याने वाचून दाखवला. देवळावर तिचं म्हणणं: "माझा धातूचा आहे, सांग त्यांना. वीस वर्षांनी परत नाही बसवायचा." शाळेचं ऐकून मात्र गप्प झाली. तिचीही बारावी एक वर्ष पुढे गेली आहे, मैत्रिणी आता कॉलेजात. मग विचारलं, "खालच्या वर्गातल्या पोरी तिला ताई म्हणायच्या का?"

आता सुचवा काहीतरी. कादंबऱ्या जपानीतून वाचणं दोघांनाही जमणार नाही.

सदाशिव ते साके:

'जोसे तो तोरा तो साकानाताची', म्हणजे जोसे, वाघ आणि मासे. २०२० चा चित्रपट, बोन्स स्टुडिओ. तानाबे सेइको यांच्या १९८४ च्या लघुकथेवरून. ओसाकातली चाकाच्या खुर्चीतली मुलगी, आजीने घरात जपून ठेवलेली, जीभ तिखट. तिच्या दिमतीला पैसे घेऊन राबणारा त्सुनेओ. आधी सांगून ठेवते: आजी जाते, आणि मधे त्सुनेओला एक अपघात होतो, मग पायाचे व्यायाम, चिडचिड, परत उभं राहायला शिकणं. ते भरपूर वेळ देऊन दाखवलं आहे. नायिका शेवटपर्यंत जिवंत, आणि स्वतःच्या कामाला लागलेली.

कढीपत्ता:

मियाझाकींचा २०१३ चा चित्रपट 'काझे ताचिनु' चालेल का? त्यात क्षय आहे, नाव घेऊन आहे. सॅनेटोरियमच्या सज्जात पेशंट गारठ्यात पांघरुणात गुंडाळून ओळीने झोपवलेले, ते दृश्य विसरता येत नाही. पण... नाही, त्यातली नायिका नाहोको पण जाते. मी परत तेच केलं.

हिरवा कंदील:

ताई, तुम्ही धाग्यावर बंदी घालून घ्या.

प्रेमकथा नाही, पण 'सेल्स ॲट वर्क' दाखवा. शरीरातल्या पेशी माणसांच्या रूपात. प्लेटलेट म्हणजे पिवळ्या... नाही, निळ्या कपड्यांतली चिमुरडी पोरं, जखम बुजवायला शिट्टी वाजवत येतात. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या मुलीला त्यांच्याशी भांडायला मजा येईल.

रात्रपाळी:

पुन्हा मधे बोलतो. त्या गोळीचं प्लेटलेटशी भांडण नाही. ती यकृतात के जीवनसत्त्वाच्या मदतीने तयार होणाऱ्या, रक्त गोठवणाऱ्या घटकांना अडवते, म्हणून तर पालेभाजीचं प्रकरण. प्लेटलेटांना अडवतं ते ॲस्पिरिन. पोरं निर्दोष आहेत.

माठातलं पाणी:

कळवायचं राहिलं होतं. रविवारी 'जोसे' पाहिला. आजी गेली तिथे धाकटीने थांबवायला सांगितलं आणि पाणी पिऊन आली. त्सुनेओच्या व्यायामाच्या दृश्यात म्हणाली, "हं, असंच होतं. पहिल्या दिवशी खुर्चीत बसवलं तेव्हा मी पण सिस्टरवर ओरडले होते." हे तिने आम्हाला आजवर सांगितलं नव्हतं. मग नऊ वाजले, आईने आतून हाक मारायच्या आधी स्वतःच उठून गोळी घेतली. आईची हाक वाया गेली म्हणून आई नाराज.

सकाळी आयएनआर आला, २.८. वहीत लिहून झाला. प्लेटलेटवाला भाग कितवा आहे?

हिरवा कंदील:

दुसरा. खरचटण्याचा.