फ्रेंच क्रांतीतलं तांब्याचं 'मेडल', हे नाणं म्हणायचं का?

तांबडा_पैसा: एका प्रदर्शनात तांब्याचा चांगला मोठा, जड तुकडा घेतला. एका बाजूला सैनिक हात पुढे करून शपथ घेतायत, खाली १४ जुलै १७९०. मागे फ्रेंचमध्ये 'मेडल' लिहिलंय आणि पाच सोल किंमत पण आहे. मेडलवर किंमत कशाला? कोणाला माहितीय का?

जुनीनाणी_नाशिक: अरे वा, मोनरों बंधूंचं आहे हे! क्रांतीत लोकांनी सोनं-चांदी दडवून ठेवली, सरकारने असिन्या नावाच्या कागदी नोटा काढल्या पण त्या इतक्या मोठ्या रकमेच्या की पाव घ्यायला निघालेल्या माणसाला त्याचा काय उपयोग, चर्चच्या घंटा वितळवून नाणी पाडली तरी सुट्टे पुरेनात. मग पॅरिसच्या या व्यापाऱ्यांनी १७९१ मध्ये बर्मिंगहॅमला मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत, वाफेच्या यंत्रांवर, दोन आणि पाच सोलचे तुकडे पाडून घेतले. नाणी पाडायचा हक्क सरकारचा, म्हणून नाव मेडल. मागचं नीट वाच, 'विश्वासाचं मेडल, ५० लिव्हर आणि वरच्या असिन्यामध्ये परत मिळेल' असं असेल. लिव्हर आणि सोल ही तेव्हाची फ्रेंच चलनं, एका लिव्हरचे २० सोल, म्हणजे ५० लिव्हर व्हायला असे २०० तुकडे, पाच किलोच्या वर तांबं उचलून न्यायचं तेव्हा एक नोट! पुढच्या काहींवर तर सरळ 'मोनरोंकडे पाच सोलला विकलं जातं' असं आहे. सप्टेंबर १७९२ मध्ये कायद्याने खासगी नाणी बंदच केली.

समुद्रकिनारा: यातला लुई मोनरों फ्रेंच संसदेत हिंदुस्थानातल्या वसाहतींचा, म्हणजे पाँडिचेरी वगैरेचा प्रतिनिधी होता. मला हे कळलं तेव्हा फार भारी वाटलं, आपल्याकडे कोणी सांगतच नाही.

जुनीनाणी_नाशिक: आणि प्लीज चिंच-लिंबू लावून घासू नकोस!! आधी कड बघ, अक्षरं आहेत का. ओतीव नकलेत कडेला सांध्याची रेघ दिसते.

तांबडा_पैसा: खिडकीत धरून फिरवून बघितलं, रेघ नाही. कडेवर फ्रान्सच्या विभागांची नावं आहेत: 'पॅरिस', पुढे 'रोन ए ल्वार', मग 'द्यु गार' आणि शेवटी नुसतं 'आणि'चं चिन्ह. मागचा मजकूर पण तोच, ५० लिव्हरवाला. घासत नाही, तसंच ठेवतो.