नाताळात युरोपला जाऊन हिरमोड झाला, यंदा परत डिसेंबरातच जावं का?

रानजाई

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. मागच्या डिसेंबरात आम्ही पाचजण म्हणजे मी, नवरा, मुलगी आणि सासूसासरे जर्मनी-स्वित्झर्लंडला जाऊन आलो. मुलीच्या शाळेला तेव्हाच सुट्टी असते म्हणून २३ च्या रात्री मुंबईहून निघालो. सासऱ्यांची खूप वर्षांची इच्छा होती की एकदा तिकडचा नाताळ बघायचा, लायटिंग, बाजार, चर्चमधली गाणी सगळं. २४ ला दुपारी फ्रँकफर्टच्या रोमरबर्ग चौकात पोचलो तर मोठं झाड तेवढं उभं, लाकडी स्टॉल सगळे बंद, चौकात आमच्यासारखेच दहाबारा पर्यटक इकडेतिकडे बघतायत. ट्रॅव्हल एजंटनं तर नाताळात नाताळ बाजार असणारच असं सांगितलं होतं. २५ आणि २६ ला सगळं बंद, जेवायला रेल्वे स्टेशनवर गेलो. २८ ला रविवार म्हणून परत बंद. साडेचारला अंधार पडतो आणि मग हॉटेलच्या खोलीत बसायचं. स्वित्झर्लंडला युंगफ्राऊयोख या बर्फाळ डोंगरावरच्या स्टेशनला एवढे पैसे भरून वर गेलो तर काचेबाहेर नुसतं पांढरं, समोर दहा फुटांवरचं दिसेना. सासरे काही बोलले नाहीत पण त्यांचा चेहरा बघवत नव्हता. आयुष्यभराची पुंजी जपून वापरणारा माणूस, त्यांना असं बघून मला अजून वाईट वाटतं.

आता नणंद श्टुटगार्टला शिफ्ट झालीय, ती म्हणते यंदा डिसेंबरात या. सासूबाई म्हणतात मी येणार नाही, गारठ्यात बंद दुकानं बघायला एवढा खर्च कशाला. सासऱ्यांना मात्र मनातून जायचंय. परत डिसेंबरात जाण्यात अर्थ आहे का? तिकडे राहणाऱ्यांनी प्लीज सांगा.

न्यूरेंबर्गकर

ताई, वाचून खरंच वाईट वाटलं, आणि हे दरवर्षी कुणा ना कुणाच्या बाबतीत होतं. आपल्याकडे सण म्हटलं की सणाच्या दिवशी रस्त्यावर गर्दी, त्यामुळे २५ डिसेंबरला तिकडे धमाल असणार असं सगळ्यांना वाटतं. जर्मनीत उलट आहे. रस्त्यावरचा जो काही उत्सव असतो तो नाताळच्या आधीचे चार आठवडे, त्याला आडव्हेंट म्हणतात, आणि २४ च्या दुपारपासून सगळं घरात जातं. दुकानं २४ ला दुपारी दोनपर्यंत बंद होतात, संध्याकाळी घरोघरी झाडाखाली भेटवस्तू, जेवण, काही लोक चर्चला, आणि २५-२६ दोन्ही दिवस सरकारी सुट्टी. म्हणजे अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी कुणी हौसेनं पुण्यात गणपती बघायला यावं तसं २४ ला पोचणाऱ्यांचं होतं.

आमच्या न्यूरेंबर्गचा बाजार एवढा नावाजलेला पण तोही २४ ला दुपारी संपतो. कोलोनला कथीड्रलसमोरचा तर २३ लाच. फ्रँकफर्टचा त्याहून आधी आवरतो. हे एजंट लोकांनी सांगायला हवं, बुकिंग घेताना तारखा बघणं त्यांचं काम आहे, मला याचा मनापासून राग येतो कारण म्हाताऱ्या माणसांना परत परत येणं जमत नाही.

यंदाचं कॅलेंडर तर अजून अवघड आहे. २५ शुक्रवार, २६ शनिवार, २७ रविवार, म्हणजे सलग तीन दिवस दुकानं बंद. स्टेशनातली आणि विमानतळावरची सुपरमार्केट उघडी असतात, तीपण सगळी नाही आणि तिथे रांगा. नणंदबाई तिथेच राहतात म्हणून जेवणाची अडचण येणार नाही हे सोडा, पण फिरायला म्हणून ते तीन दिवस धरू नका.

मी म्हणेन शक्य असेल तर डिसेंबरचा पहिला-दुसरा आठवडा गाठा. यंदा पहिला आडव्हेंट रविवार २९ नोव्हेंबरला आहे, तोवर सगळे बाजार सुरू झालेले असतात. श्टुटगार्टसारखी जागा त्यासाठी उत्तम आहे कारण तिथला स्वतःचा बाजार जुन्या राजवाड्याच्या आसपास मोठा भरतो, स्टॉलच्या छपरांवर सजावट करायची त्यांची पद्धत आहे ती बघण्यासारखी, आणि एस-बान म्हणजे तिकडची लोकल पकडून एसलिंगनला गेलात की मध्ययुगीन बाजार, लोहार, काच फुंकणारे, जुन्या वेषातले विक्रेते, आजोबांना नक्की आवडेल. लुडविग्सबुर्गही जवळच. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला थेट गाडीनं दीडेक तासात पोचता. संध्याकाळी साडेचारला अंधार पडतो तो तेव्हा वाईट वाटत नाही, उलट दिवे लागल्यावरच खरी मजा. सोमवार ते गुरुवार जा, शनिवारी पाय ठेवायला जागा नसते.

थेम्सकाठ

लंडनचं पण लिहून ठेवते, कुणाला उपयोग होईल. २५ डिसेंबरला इथे ट्यूब, बस, ट्रेन काही म्हणजे काही चालत नाही. विमानतळ चालू असतो पण तिथून शहरात यायला टॅक्सी नाहीतर काही थोडे कोच, आणि टॅक्सीचे दर त्या दिवशी चढे. २६ ला बस-ट्यूब सुरू होतात, लांबच्या ट्रेन बऱ्याच ठिकाणी नसतात. माझ्या मावसभावाचं कुटुंब २५ ला सकाळी उतरलं होतं, त्यांना घ्यायला आम्ही गाडी घेऊन गेलो म्हणून निभावलं. त्या दिवशी फक्त चालत फिरायचं. रस्ते मोकळे असतात, नदीकाठानं चालायला छान वाटतं, पण जेवणाचं बुकिंग आधी करून ठेवायला लागतं. ३१ ची आतषबाजी नदीजवळून बघायला २०१४ पासून तिकीट लागतं, तिकिटं भराभर संपतात, ऐनवेळी जाऊन काही दिसत नाही.

रानजाई

न्यूरेंबर्गकर दादा, थेम्सकाठ ताई, खूप खूप धन्यवाद, इतकं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. अडचण एकच, मुलीची शाळा. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तिची परीक्षा असते, सुट्टी २४ पासूनच. दिवाळीच्या सुट्टीत जावं म्हटलं तर यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे म्हणजे बाजार सुरू व्हायच्या आतच परत यावं लागेल, आणि दिवाळीत घर सोडून जायला सासूबाई तयार नाहीत, मलाही ते पटत नाही. नवरा म्हणतो मग सरळ नॉर्वेला जाऊ, नॉर्दर्न लाइट्स म्हणजे रात्री आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश बघू, अंधार आहेच तर त्याचा उपयोग तरी होईल.

उत्तररंग

तुमच्या मिस्टरांना आधी हे वाचायला द्या. नॉर्वेच्या उत्तरेला ट्रॉम्सो आहे, लाइट्स बघायला लोक जातात तिथे, साधारण २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी सूर्य उगवतच नाही. दुपारी काही तास निळसर उजेड असतो, तो सुंदर असतो हे खरं, पण वयस्कर माणसांना ते जड जातं, झोपेचं गणित बिघडतं. आणि लाइट्ससाठी नुसता अंधार पुरत नाही, आभाळ मोकळं लागतं. ट्रॉम्सो समुद्राकाठी आहे, ढग खूप, म्हणून तिथले गाइड रात्री गाडीनं तास-दोन तास आत फिनलंडच्या सीमेकडे नेतात, मध्यरात्री बर्फात उभं राहायचं, उणे पंधरा-वीसमध्ये. मी केलंय, मला दिसले आणि मी रडले इतकं भारी होतं ते, पण माझ्या ग्रुपमधल्या काकूंना गाडीतून उतरताच आलं नाही.

अजून एक, फोटोत जो हिरवागार रंग दिसतो तो कॅमेऱ्यातला, प्रकाश मंद असेल तर डोळ्यांना करड्या ढगासारखं दिसतं. हे आधीच माहीत असलं की निराशा होत नाही. स्वीडनमधलं अबिस्को डोंगरांच्या आडोशाला आहे त्यामुळे तिथे आभाळ जास्त वेळा मोकळं मिळतं. आणि खरं सांगू का, मार्चमध्ये जा. विषुवदिनाच्या आसपास हे लाइट्स जास्त होतात, दिवस-रात्र सारखी असते, दिवसा बर्फात ऊन असतं आणि रात्री लाइट्स. मुलीच्या शाळेचं मात्र तेव्हाही जमणार नाही कदाचित, मग हा प्लॅन दोघांनीच करा कधीतरी.

मुशाफिर७

२४ नंतरच सुट्टी असेल तर स्पेन!! कुणी अजून स्पेनचं नाव कसं घेतलं नाही? तिकडे नाताळ २५ ला संपत नाही, ६ जानेवारीपर्यंत चालतो कारण मुलांना भेटवस्तू बायबलच्या गोष्टीतले तीन राजे आणतात, ५ जानेवारीच्या संध्याकाळी गावोगावी मिरवणूक निघते, रथांवरून गोळ्या-चॉकलेटं उधळतात, आजीआजोबा नातवंडांना खांद्यावर घेऊन उभे असतात, सगळं गाव रस्त्यावर. जो उत्सव तुमच्या सासऱ्यांना बघायचाय तो हाच आहे. ३१ ला रात्री बाराच्या ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं खायची पद्धत, माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकात त्याची गर्दी असते पण घरच्यांना घेऊन लहान गावातल्या चौकात जा, तिथेही करतात. दक्षिणेतल्या मालागा शहरात मुख्य रस्त्यावरची रोषणाई बघून आमच्या आईनं तर तिथेच बाकावर बसकण मारली, हलायलाच तयार नाही.

हवा म्हणाल तर सेव्हिया, मालागाला दुपारी पंधरा-सतरा डिग्री, आपल्या नाशिकच्या थंडीसारखी, आणि सूर्य सहा वाजेपर्यंत असतो, जर्मनीपेक्षा दीड तास जास्त उजेड. हा दीड तास म्हाताऱ्या माणसांसाठी फार मोठा आहे. माद्रिद मात्र थंड. ग्रानादाला अल्हाम्ब्रा हा जुना किल्ला-महाल बघायचा तर २५ डिसेंबर आणि १ जानेवारीला बंद असतो, आणि आतल्या नासरी महालांसाठी ठरावीक वेळेचं तिकीट लागतं, ते खूप आधी काढा. सेव्हियाचा अल्काझार राजवाडापण २५, १ आणि ६ ला बंद. जेवायला शाकाहारी थोडं शोधावं लागतं, सेव्हियात पालक आणि छोल्यांची भाजी मिळते ती आपल्या तोंडाला बरी लागते, आणि सकाळी चुरोस, म्हणजे पिठाच्या तळलेल्या कांड्या. रात्रीचं जेवण साडेआठच्या आधी बऱ्याच ठिकाणी सुरूच होत नाही, तेवढं आजीआजोबांसाठी सोबत काहीतरी ठेवा.

घाटमाथा

स्पेनला +१. मी फक्त युंगफ्राऊयोखबद्दल लिहितो कारण ते दुखणं आमचंही आहे. ते स्टेशन ३४५४ मीटरवर आहे, ढगात असलं की काही दिसत नाही, आणि तिकीट आधीच काढलेलं असेल तर माणूस अडकतो. पुढच्या वेळी कुणीही स्वित्झर्लंडला गेलात तर आधी सकाळी उठून वरचा लाइव्ह कॅमेरा बघा, मग तिकीट. हिवाळ्यात खूपदा असं होतं की झुरिक-लुझर्नला खाली दिवसभर राखाडी धुकं आणि हजार-दीड हजार मीटरच्या वर लख्ख ऊन. अशा वेळी लुझर्नजवळच्या रिगी डोंगरावर जा, १८०० मीटरच्या आसपास आहे, स्विस ट्रॅव्हल पासमध्ये येतं, धुक्याचा समुद्र खाली आणि आल्प्स समोर, युंगफ्राऊपेक्षा कमी नाही.

आणि फ्लाइट दिल्लीवरून घेऊ नका. डिसेंबरअखेर दिल्लीला धुकं असतं, कनेक्शन चुकलं की सगळी ट्रिप घसरते. युरोपातून निघणारं विमान बर्फामुळे रद्द झालं तर भरपाईचे पैसे मिळत नाहीत पण हॉटेल आणि जेवण विमान कंपनीनं द्यायचं असतं, ते हक्कानं मागा.

थेम्सकाठ

सासूबाईंसाठी थोडं. बुटाचा तळवा बघून घ्या, नेहमीचे स्पोर्ट्स शूज ओल्या दगडी फरसबंदीवर घसरतात. एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा आत थर्मल, वर लोकर, वर वाऱ्या-पावसाचं जॅकेट असं करा, आत गेल्यावर काढता येतं. खाऊ नेताना पेढे, तूप, पनीर युरोपियन युनियनमध्ये आत नेता येत नाही, दूध आणि मांसाचे पदार्थ चालत नाहीत, पकडलं तर काढून घेतात. फळं-भाज्यांनापण सर्टिफिकेट लागतं, नारळ, केळी, खजूर असे मोजके अपवाद. भडंग, चिवडा, शेंगदाणा चटणी, थेपले बिनधास्त न्या.

रानजाई

मंडळी, काल रात्री हे सगळं घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. सासूबाईंनी ऊन आणि सहा वाजेपर्यंत उजेड एवढं ऐकल्यावर पहिल्यांदा विचारलं की किती लांब आहे ते. सासऱ्यांनी मिरवणुकीचा व्हिडिओ बघायला मागितला. आता असं ठरतंय की २५ ला नणंदेकडे पोचायचं, ते तीन बंदचे दिवस तिच्या घरीच सगळ्यांनी एकत्र, तिलाही माहेरचं माणूस हवंच आहे, मग २८ ला मालागाची फ्लाइट आणि ६ पर्यंत स्पेन. मुलीच्या शाळेचे तीनचार दिवस बुडतील, बाईंशी बोलून घेते.

एक शंका राहिली, व्हिसा कुणाचा काढायचा? आमंत्रण जर्मनीचं, उतरणार जर्मनीत, पण जास्त दिवस स्पेनमध्ये.

मुशाफिर७

मुक्काम जिथे जास्त दिवस तिथला, म्हणजे तुमच्या केसमध्ये स्पेनचा. दिवस समान असते तर आधी उतरता त्या देशाचा. नणंदेचं पत्र त्यातच जोडा. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, निघायच्या किमान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो पण डिसेंबरच्या अपॉइंटमेंट लवकर भरतात त्यामुळे ऑगस्टातच घ्या. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना ४५. आणि ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात शिरताना बोटांचे ठसे-फोटोची नवी पद्धत सुरू झालीय, रांग लांब असू शकते, उतरल्यावर लगेच पुढची गाडी ठेवू नका. आणि विमानतळावर आजीआजोबांसाठी व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागून ठेवा, पैसे लागत नाहीत.