मुंबई–न्यूयॉर्क विमानप्रवास: अंतर आणि वेळ यांचे अनुभव

मुंबई आणि न्यूयॉर्क येथील विमानतळांमधले जवळात जवळचे अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर आहे. विनाथांबा विमानाला जाताना साधारण १६ तास लागतात, येताना मात्र १४ ते साडेचौदा. तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करून हा कालावधी मिळत नाही, कारण त्या दोन्ही वेळा स्थानिक असतात आणि त्यांतला फरक उन्हाळ्यात साडेनऊ, तर हिवाळ्यात साडेदहा तासांचा असतो. लांब पल्ल्याच्या अशा प्रवासात वेळ कुठे गेला वा वाचला, याचे अनुभव येथे लिहावेत. तिकीटदरांची चर्चा नको.

भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, सातारा:
काही वर्षांपूर्वी लेकीकडे जाताना समोरच्या पडद्यावर विमान अफगाणिस्तानावरून रशियाकडे सरकू लागले, तेव्हा शेजारचे गृहस्थ चांगलेच अस्वस्थ झाले आणि अमेरिका पश्चिमेला असताना हे उत्तरेला कुठे निघाले, असे विचारू लागले. वर्गात मी मुलांना पृथ्वीगोलावर मुंबईपाशी दोऱ्याचे एक टोक दाबून धरायला आणि दुसरे न्यूयॉर्कपर्यंत नेऊन ताणायला सांगत असे. दोरा ताणला की तो आपोआप वर सरकतो आणि स्कँडिनेव्हिया, आइसलँड, ग्रीनलँडचे दक्षिण टोक असा जातो. सपाट नकाशावर सरळ दिसणारी रेघ गोलावर लांबची ठरते.

अभियंता, न्यू जर्सी:
पृथ्वी फिरते म्हणून येताना वेळ वाचतो, हा समज अजून पुष्कळांच्या मनात आहे. वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरते, त्यामुळे तो हिशेब लागू पडत नाही. खरे कारण म्हणजे उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे झोतवारे, जे हिवाळ्यात अधिक जोर धरतात. पडद्यावरचा वेग पाहत बसण्याची मला सवय आहे: येताना तो ताशी १,००० किलोमीटरच्या पुढे जातो, जाताना कधी कधी ८०० च्याही खाली येतो. मात्र वाऱ्याने दिलेले हिवाळा परतही घेतो. एका जानेवारीत उड्डाणापूर्वी पंखांवरचा बर्फ काढण्यासाठी आम्ही रांगेत ताटकळलो होतो. फवारलेल्या नारिंगी द्रवाचे ओघळ खिडकीच्या काचेवरून उतरत होते आणि विमान जागचे हललेले नव्हते. वेळापत्रकातला कालावधी विमान फाटकावरून सुटल्यापासून फाटकाला लागेपर्यंत मोजतात, त्यामुळे धावपट्टीपर्यंतचा वेळही त्यात धरलेला असतो. अशी रांग मात्र त्यात मावत नाही.

ठाण्याचा प्रवासी:
एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद झाली. मुंबईकरांना त्याची झळ कमी बसली, कारण येथून अरबी समुद्रावरून मस्कतच्या बाजूला निघता येते. दिल्लीहून निघालेल्या माझ्या भावाचे विमान मात्र आधी गुजरातच्या दिशेने खाली आले आणि मग पश्चिमेला वळले. शुद्ध द्राविडी प्राणायाम!

गृहिणी, सॅन फ्रान्सिस्को:
जवळची वाट लवकरची असतेच असे नाही. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर असताना एअर इंडियाने २०१६ मध्ये हे विमान पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. ती वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची असूनही वारा पाठीशी असल्याने साडेचौदा तासांच्या आसपास सरते. आई दिल्लीहून मध्यरात्र उलटल्यावर निघाली आणि त्याच तारखेच्या सकाळी येथे उतरली. घ्यायला जाणाऱ्यांनी म्हणूनच तारीख दुसऱ्या दिवसाची धरू नये.