आघात दुसऱ्याचा, मग झोप माझी का उडते?

प्रश्न (परिचारिका, कोल्हापूर)
नमस्कार. मी येथील एका रुग्णालयाच्या अपघात विभागात अनेक वर्षे काम करते. महामार्गावरचे अपघात, उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेली माणसे, विष प्यालेले रुग्ण हे आमचे रोजचेच काम असून ड्युटीवर माझे हात कधी थरथरत नाहीत. मात्र गेल्या गळीत हंगामात एका शाळकरी मुलाच्या आईला तो गेल्याचे मला सांगावे लागले, तेव्हापासून ट्रॅक्टरचा आवाज आला तरी छातीत धडधडते, मध्यरात्री झोप मोडते आणि माझा मुलगा सायकल घेऊन बाहेर पडला की तो परत येईपर्यंत मी दारातच उभी असते. माझ्यावर तर काहीच ओढवलेले नाही. मग हे का व्हावे?

उत्तर १ (मानसशास्त्रज्ञ)
सिस्टर, याला द्वितीयक आघातजन्य ताण म्हणतात, म्हणजे दुसऱ्यावर ओढवलेला आघात जवळून पाहिल्याने किंवा ऐकल्याने आपल्याला होणारा त्रास. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निदानपुस्तिकेत, कामाच्या निमित्ताने भीषण तपशिलांना वारंवार सामोरे जावे लागणे हेसुद्धा आघाताचे कारण मानले आहे आणि बालअत्याचाराच्या हकिकती पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्या पोलिसांचे उदाहरण तिथेच दिले आहे. कामाच्या बोजाने येणारा थकवा हळूहळू साचतो. हा ताण मात्र एखाद्याच प्रसंगानंतर अचानक जाणवू शकतो. आपला त्रास महिन्याहून अधिक काळ चालला आहे, म्हणून तो आपोआप जाईल अशी वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेटावे, कारण आघातावर केंद्रित असलेल्या बोलण्याच्या उपचारांचा यात चांगला उपयोग होतो. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटल्यास टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते.

उत्तर २ (निवृत्त पोलीस कर्मचारी)
ताई, २०१९ च्या महापुरात मी शिरोळ भागात बंदोबस्ताला होतो. आमच्यातले काही जण पुढे पाऊस लागला की गप्प होत. नंतर सर्वांना एकत्र बसवून प्रत्येकाकडून सगळे पुन्हा वदवून घेतले गेले, त्याने काहींचा त्रास उलट वाढला. उपयोग झाला तो ड्युटीवरच्या जोडीदाराचा. तपशील सांगण्याआधी आम्ही एकमेकांना ‘किती सांगू?’ असे विचारायचो आणि समोरचा ‘आज नको’ म्हणाला तर तिथेच थांबायचो.

उत्तर ३ (मानसशास्त्रज्ञ)
काकांच्या अनुभवाला संशोधनाचाही आधार आहे: घटनेनंतर लगेच घेतलेल्या अशा एकाच सक्तीच्या बैठकीमुळे पुढचा त्रास टळत नाही.

उत्तर ४ (वॉर्ड इन्चार्ज)
रंकाळ्यावर फिरायला जा, प्राणायाम करा, असे सल्ले आम्हाला खूप मिळतात आणि ते चुकीचेही नाहीत. पण नातेवाइकांना मृत्यूची बातमी देण्याचे काम दर वेळी एकाच सिस्टरकडे येत असेल तर दोष ड्युटीच्या वाटपात आहे. आमच्याकडे ते आता आळीपाळीने होते, सोबत डॉक्टर असतात आणि त्यानंतर त्या सिस्टरला लगेच पुढचा रुग्ण दिला जात नाही. आपल्या इन्चार्जकडे हीच मागणी लेखी करावी.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी डॉक्टरांची वेळ घेते आणि अर्ज उद्याच देते. मुलाला यातले किती सांगावे?

उत्तर ५ (मानसशास्त्रज्ञ)
कामावरच्या एका प्रसंगामुळे आईला सध्या काळजी वाटते आणि त्यावर ती उपचार घेत आहे, एवढे पुरे. अपघाताचे वर्णन करू नये आणि त्याची सायकल बंद करू नये.