दोन वर्षांच्या मुलाचा वाढदिवस रात्री हॉलमध्ये कशासाठी?

रानजाई (पुणे)

मत स्पष्टच मांडते. एक ते तीन वर्षांच्या मुलांचे वाढदिवस आपण ज्या पद्धतीने करतो त्यात त्या मुलाचा विचार सगळ्यात शेवटी येतो, आणि हे बदलायला हवं.

शहरात सध्याचा साचा ठरलेला आहे. साडेसातचं आमंत्रण, हॉल, फुग्यांची कमान, कार्टूनचा पोशाख घातलेला माणूस, माइकवरून खेळ घेणारा निवेदक आणि शंभर-दीडशे पाहुणे. लोक साडेआठपर्यंत येत राहतात, केक कापायला नऊ वाजतात. त्या वेळी मुलाकडे नीट बघा. डोक्यावरचा पुठ्ठ्याचा मुकुट ते सारखं ओढून काढतं, आई तो परत बसवते. बाबा त्याच्या मुठीत सुरी धरवतात, मूठ ढिली पडते. फोटोग्राफर टाळ्या वाजवून ‘इकडे, इकडे’ करतो आणि मूल आईच्या खांद्यात तोंड खुपसून घेतं. मग पार्टी पॉपर फुटतो आणि भोकाड सुरू होतं. सगळे म्हणतात, ‘अगं, झोप आलीये त्याला.’ झोप तर येणारच! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसभरात ११ ते १४ तास झोप सांगितली आहे, तीही रोज साधारण ठरलेल्या वेळी.

दुसरी गोष्ट खेळांची. मिल्ड्रेड पार्टन या अभ्यासक बाईंनी १९३२ साली छोट्या मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले. त्यातला एक म्हणजे शेजारी शेजारी बसून आपापलं खेळणं. दोन-अडीच वर्षांची मुलं बहुतेक वेळ असंच खेळतात. संगीतखुर्ची, ‘कोण पहिलं येतंय’ असले खेळ त्यांच्यासाठी नाहीतच. गोल करून बसवलेल्या मुलांमधलं एखादं उठून पंख्याच्या बटणाकडे जातं, ते खोड्या म्हणून नव्हे, त्याला बटणात खरोखर रस असतो.

मग करायचं काय? सकाळी साडेदहा ते बारा. चार, फार तर पाच मुलं, प्रत्येकाबरोबर एक मोठं माणूस. आधी औक्षण. मग घरात तीन ठिकाणी सामान मांडून ठेवायचं आणि मुलांना सोडून द्यायचं. एका मोठ्या परातीत बोटभर पाणी, दोन वाट्या, चहाची गाळणी, एक पळी. दुसरीकडे हळद नि बीट घालून रंगवलेली कणीक आणि पोळपाट. तिसरीकडे फ्रिजचा किंवा वॉशिंग मशीनचा रिकामा खोका, दोन्ही बाजूंनी कापलेला. मुलं वाटीतून वाटीत पाणी ओतत वीस-वीस मिनिटं बसतात. पाणी कितीही उथळ असलं तरी परातीपाशी एक मोठं माणूस हलायचं नाही, एवढी एकच अट. खायला छोट्या इडल्या, मऊ उपमा, केळं. साडेबाराला मुलं आपापल्या घरी झोपलेली.

पटतंय का? विरोधी मतंही हवी आहेत.

---

दोन_लेकरांची_आई

विरोध करते. तुमच्या सकाळच्या वेळापत्रकात एक माणूस दिसत नाही: आदल्या रात्री कणीक रंगवणारी, खोका कापणारी, इडल्या लावणारी, चार मुलं, चार पालक, शिवाय ‘फक्त औक्षणाला येतो’ म्हणत आलेले सासर-माहेरचे दहा जण यांना चहा देणारी आणि नंतर कार्पेटमधली कणीक खरवडणारी. ‘घरी, साधं, छोटं’ या तीन शब्दांचा भार कुणावर पडतो ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मी नोकरी करते. हॉलवाल्याला पैसे दिले की मी मुलाला कडेवर घेऊन उभी राहू शकते. घरी केलं की मी ओट्याशी आणि मूल शेजारणीकडे.

आणि खर्च माझ्या पगारातून होतो, त्यामुळे उधळपट्टी वगैरे कुणी सुचवू नये.

---

रानजाई

ताई, मुद्दा अगदी रास्त आहे. पण तो हॉलच्या बाजूने जातो असं मला वाटत नाही, तो कामाच्या वाटणीचा आहे. इडल्या कोपऱ्यावरच्या उडप्याकडून आणा, परात आणि खोका बाबांकडे द्या. सोसायटीच्या बागेत सतरंजी टाकली तर कार्पेटचाही प्रश्न नाही. हॉलच हवा असेल तर हॉल सकाळी घ्या. माझा आग्रह मुलाच्या वेळेचा आहे, जागा कुठली का असेना.

---

कृष्णाकाठ (सातारा जिल्हा)

तुमचं सगळं बोलणं चार खोल्यांच्या फ्लॅटमधलं आहे. आमच्या वाडीत पोराचा पहिला वाढदिवस म्हणजे भावकीचं जेवण. कुणाला बोलवायचं आणि कुणाला नाही हा हिशेबच नसतो. एका घराला वगळलं तर दोन पिढ्या बोलणं बंद होतं. आणि सांगतो, पोरगं काही एकटं पडत नाही. या मांडीवरून त्या मांडीवर जातं, दमलं की चुलतीच्या कुशीत झोपतं. दीडशे माणसं त्याला अनोळखी नाहीत, रोज बघणारी आहेत. गर्दी वाईट म्हणताना ती कुणाची, हे बघा.

‘चार मुलं, फार तर पाच’ हा नियम आमच्याकडे आणलात तर पोराला चार जणांपलीकडे माणसंच मिळणार नाहीत.

---

उशिरा_आलेली_पहाट

मला थोडं वेगळं सांगायचं आहे. आमच्या घरी मूल फार वर्षांनी झालं, मध्ये काही दुःखं पचवून. पहिल्या वाढदिवसाला आम्ही मोठा कार्यक्रम केला, संध्याकाळी, भरपूर माणसं बोलावून. माझ्या सासऱ्यांनी पाहुण्यांना दारात उभं राहून स्वतःच्या हाताने पेढे दिले. मुलाला त्यातलं काही आठवणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्या वयाच्या आठवणी मोठेपणी कुणालाच उरत नाहीत. पण ज्यांनी आमच्याबरोबर वाट पाहिली होती त्यांचाही तो दिवस होता. वाढदिवस एकट्या मुलाचाच असतो, हे मला मान्य नाही. पहिला तर आई-बापांचा आणि आजी-आजोबांचा जास्त.

---

रानजाई

पहाट, तुमचं म्हणणं मनापासून पटलं. असा दिवस साजरा व्हायलाच हवा आणि माणसांनी भरलेल्या घरात व्हायला हवा. माझं म्हणणं एवढंच की मोठ्यांचा आनंद आणि मुलाचा खेळ एकाच तीन तासांत कोंबला की दोन्ही बिघडतात. सकाळी मुलाचं करा. रात्री मोठ्यांचं जेवण ठेवा. मूल आठ वाजता आतल्या खोलीत झोपलं, तर ते रुसून गेलं असं कुणी म्हणणार नाही.

कृष्णाकाठ दादा, रोजच्या माणसांची गर्दी वेगळी, हे तुम्ही बरोबर सांगितलंत. शहरातल्या हॉलमध्ये निम्मे लोक ऑफिसमधले असतात, मुलाने त्यांना कधी पाहिलेलं नसतं. साधारण आठ-नऊ महिन्यांपासून अनोळखी चेहऱ्यांची भीती सुरू होते आणि पुढे बरेच महिने टिकते. त्यात मुखवटा घातलेला माणूस समोर आला की मूल किंचाळतं, ते अगदी स्वाभाविक आहे. तो मुखवटेवाला तरी सोडून द्या, एवढी माझी विनंती.

---

बालविभागातली_सिस्टर

वेळेवरून वाद घाला, पण सामानाबद्दल मला बोलू द्या. मी लहान मुलांच्या वॉर्डात काम करते.

सगळ्यात आधी रिटर्न गिफ्ट. चमकणाऱ्या अंगठ्या, लाइटचे भोवरे, पिपाण्या. त्यांत बटणासारखी चपटी बॅटरी असते. ती मुलाने गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांच्या आत आतून भाजायला सुरुवात होऊ शकते. खोकला, लाळ गळणं, खायला नकार, एवढंच दिसतं, कधी तेही दिसत नाही. शंका जरी आली तरी थेट एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या, उलटी काढायचा प्रयत्न करू नका. बॅटरीच्या कप्प्याला स्क्रू नसलेली वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या पिशवीत घालूच नका. त्याऐवजी एक जाड पुठ्ठ्याचं चित्रपुस्तक द्या.

दुसरं, फुगे. फुगलेल्या फुग्यापेक्षा फुटलेला फुगा घातक. रबराचा तुकडा घशात चिकटून बसतो आणि श्वास बंद होतो. अमेरिकेत तर आठ वर्षांखालच्या मुलांसाठी धोक्याची सूचना फुग्यांच्या पाकिटावर छापावीच लागते. फुगा फुटला की हातातलं काम टाकून तुकडे वेचा.

तिसरं, तो फेसाचा स्प्रे. डब्यात जळणारा वायू असतो. मेणबत्ती पेटलेली असताना केकभोवती तो उडवणं म्हणजे मुलाच्या तोंडासमोर आग लावणं. मेणबत्ती आणि स्प्रे यांतलं एकच घ्या, खरं तर स्प्रे घेऊच नका.

खाण्यात अख्खे शेंगदाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं, गोल कडक चॉकलेटं नकोत. द्राक्षं उभी चिरून द्या. आणि दोन वर्षांपर्यंत वरून घातलेली साखर टाळावी असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१६ मध्येच सांगितलं आहे. केकचा घास भरवण्यासाठी पंधरा जणांनी रांग लावायची गरज नाही. खजूर-केळ्याचा केक घरी छान होतो.

---

सजावटवाला_भाऊ

मी फुग्यांची सजावट करतो. माझं पोट यावर आहे, म्हणून गप्प बसणार होतो. सिस्टर बोलल्या ते खरं आहे, पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

आम्ही कमान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी साडेचार-पाच फुटांच्या वर बांधू शकतो, खाली कापडाच्या झालरी आणि कागदी पंखे लावू शकतो. गिऱ्हाईक मागतच नाही. फोटोत खालपर्यंत फुगे हवेत, असं सांगतात. तरंगणारे फुगे घेताना वायू कोणता ते विचारा. हेलियम जळत नाही, पण महाग. कुणी फारच स्वस्तात देत असेल तर आत हायड्रोजन असू शकतो, आणि तो मेणबत्तीजवळ भडकतो. फुग्याच्या प्लास्टिक काड्या आणि सजावटीचं थर्माकोल १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे, तरी लोक हट्टाने मागतात. आम्ही नाही म्हटलं की दुसऱ्याकडे जातात.

ताईंनी सकाळचा हॉल घ्या म्हटलं, ते आम्हाला बरंच. सकाळी हॉल रिकामे असतात, दरही उतरतो. विचारून बघा.

---

सुमनआजी

तुम्ही सगळे नवीन काहीतरी शोधताय. आपल्याकडे या वयाचा सोहळा आहेच की, बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कुठल्याही दिवशी, दुपारी चारच्या सुमारास. मुलाला काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवायचं, ओवाळायचं आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा, भुईमुगाच्या शेंगा ओतायच्या. आजूबाजूची पोरं वेचायला धावतात. अर्ध्या तासात आटोपतं. निवेदक लागत नाही, आवाज लागत नाही, मुलाला खाली पडलेलं वेचायला अतिशय आवडतं. वाढदिवसालाही हाच थाट का नको? नेहमीचं औक्षण असतंच, जितकी वर्षं तितके दिवे लावायचे. दिवे फुंकायचे नाहीत, तेवत ठेवायचे.

---

बालविभागातली_सिस्टर

आजी, बोरन्हाण मलाही अतिशय प्रिय आहे, पण बिया असलेली बोरं, शेंगदाणे, हलव्याचे दाणे, करव्याचे तुकडे हे सगळं जमिनीवर आणि दीड वर्षाचं मूल त्यात बसलेलं! हे मूल दिसेल ते तोंडात घालतं. एक वर्षाच्या मुलासाठी साधे चुरमुरे थोडेच घ्या आणि गुलाबाच्या पाकळ्या, झेंडूची फुलं भरपूर ओता. बोरं आणि शेंगा मोठ्या भावंडांच्या ओंजळीत द्या. मूल पाटावरून उठलं की ताबडतोब झाडू.

---

सुमनआजी

चालेल. फुलं आम्हीही घालायचो. पण बोराशिवाय बोरन्हाण म्हणणार नाही मी. चार मोठी बोरं ओवाळून बाजूला ठेवीन.

---

हडसनपार (न्यू जर्सी)

इथे मुलांच्या वाढदिवसाच्या आमंत्रणावर सुरुवातीची आणि संपायची, दोन्ही वेळा लिहितात. ‘११ ते १’ म्हणजे एकला लोक बूट घालतात. सार्वजनिक बागेतली छप्पर असलेली जागा काही तासांसाठी मिळते, पुढच्या कुटुंबाचं आरक्षण असतं, त्यामुळे रेंगाळायची सोयच नाही. मराठी मंडळींनीही हे उचललं आहे, आमच्या ओळखीत कुणाला त्यात वावगं वाटत नाही. रानजाईंची सकाळची कल्पना भारतात जमवायची तर संपायची वेळ लिहिण्यापासून सुरुवात करा.

पण पहाट म्हणाल्या तेही इथे फार जाणवतं. घर भरून टाकणारी माणसंच नसतात. दोन्हीकडचे आजी-आजोबा पडद्यावर, त्यांच्याकडे रात्र. सकाळी केक कापला की पुण्यात झोपायची वेळ टळून चाललेली असते. मोठ्या माणसांनी भरलेला हॉल ज्याला मिळतोय त्याने तो सहज सोडू नये, असं मला वाटतं.

---

दोन_लेकरांची_आई

संपायची वेळ लिहायची म्हणजे ‘आता निघा’ सांगण्यासारखं. माझ्या सासरी हे चालणार नाही, आणि त्याचे बोल मलाच ऐकावे लागतील.

---

रानजाई

वेळ न लिहिता कारण लिहा. ‘बाळाची झोपायची वेळ साडेबाराची, म्हणून साडेदहालाच भेटूया.’ बाळाच्या झोपेचा मान आजी-आजोबा सगळ्यात आधी ठेवतात, माझ्या माहेरी तरी हीच ओळ चालली.

---

कृष्णाकाठ (सातारा जिल्हा)

वाडीत ‘साडेदहालाच’ म्हटलं तर आत्या रुसेल, मामा बारा वाजता पोचेल आणि पंगत दोनला बसेल. मला रात्रीच्या जेवणाचा आग्रह नाही, दिवसा करायला घरची तयार होतील, फक्त रविवार आमचा बाजाराचा, तो सोडून. पण बोलवायचं सगळ्यांना, यावर मी ठाम आहे. पोराला झोप आली तर माजघरात पाळणा बांधलेला आहे.