'मदर' मालिकेतलं संगीत

निन्टेंडोच्या 'मदर' मालिकेतल्या तिन्ही व्हिडिओ गेम्सना जोडणारा धागा म्हणजे फक्त पोर्की हा खलनायक मुलगा, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. पोर्की तर 1989च्या पहिल्या भागात नाहीच! खरा धागा आई आणि गाणं हा आहे. पहिल्या भागात आठ सुरावटी गोळा करून गीग या परग्रहावरच्या शत्रूला गाण्यानं हरवायचं. दुसऱ्यात (1994) पुन्हा आठ सुरावटी, आणि शेवटी नायक नेसची साथीदार पॉला हिची प्रार्थना. हत्यार कामी येतच नाही.

नेसला घरची आठवण यायला लागली की तो ऐन लढाईत आईच्या विचारात हरवतो, त्याची पाळी वाया जाते. उपाय म्हणजे आईला फोन. मालिकेचे निर्माते शिगेसातो इतोई यांचं हे लेखन मला फार जवळचं वाटतं.

संगीत केइइची सुझुकी आणि हिरोकाझु तानाका या संगीतकार जोडीकडून 'मदर 3'मध्ये (2006) शोगो साकाई यांच्याकडे गेलं आणि लढाईच संगीत झाली. तालावर बटण दाबत राहिलं तर सलग 16 फटके बसतात. ताल सापडत नसेल तर शत्रूला झोपवा, त्याच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात, तोच ताल. हेडफोन लावून नक्की करून बघा.